रुळांपलीकडचा घाट

सुमतीकाकूंच्या घरी मी जितका प्रसाद खाल्ला तितका कुठल्या देवळातही खाल्ला नसेल, आणि तिथून दर रविवारी उपाशी बाहेर पडले. केळं घालून केलेला साजूक तुपातला शिरा, वर तुळशीचं पान. काकू स्वतः वाढायच्या. "हात पुढे करा. दोन्ही. सांडू नका," असं म्हणत त्या ओळीने सगळ्यांसमोरून जायच्या, आणि आम्ही शिकल्यासवरलेल्या बायका डोळे मिटून ओंजळी पुढे धरायचो. ओंजळीत काही पडायचं नाही. शिरा मनातला होता, तो मनातच खायचा, आणि मग खरेखुरे हात पदराला नाहीतर ओढणीला पुसायचे. एकदा मी पुसायला विसरले, तर काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नीता, हात पुसले नाहीस. म्हणजे खाल्लाच नाहीस. देवाला फसवून पोट भरतं का गं?"

पोट भरायला आम्ही खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात कचोरी-जिलबी खायचो. तिथे मात्र कुणाला डोळे मिटावेसे वाटायचे नाहीत.

कलकत्त्याच्या बागबाजारातली ती इमारत जुनी. काकू तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका चिंचोळा की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. अण्णा खरे, म्हणजे काकूंचे यजमान, एका सरकारी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. बदलीवर इथे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मूलबाळ नव्हतं. पुण्यात एक पुतण्या होता, तो दिवाळीला व्हिडिओ कॉल करायचा. पूर्वी मराठ्यांच्या धाडी येऊ नयेत म्हणून शहराभोवती खंदक खणला गेला, तो याच बागबाजारापासून सुरू व्हायचा. काकूंना ही गोष्ट फार प्रिय. "आम्हाला अडवायला खंदक खणला मेल्यांनी, आणि मी आत येऊन बसले," म्हणायच्या. बसल्या मात्र खऱ्या. त्यांना घराबाहेर पडताना मी जवळजवळ पाहिलंच नाही.

मी बँकेच्या बदलीवर आलेली. नवरा आणि मुलगी नाशिकला. आठवडाभर हिंदी, इंग्रजी आणि मोडकीतोडकी बंगाली बोलून जीभ आंबून जायची, म्हणून रविवारी चार मराठी शब्द ऐकायला काकूंकडे जायला लागले. चार शब्द मिळायचे. त्यातले तीन टोचायचे.

काकू मानसपूजा करायच्या. मानसपूजा मला नवीन नव्हती. माझे आजोबा प्रवासात असले की गाडीच्या बर्थवर मांडी घालून करायचे, चहावाला येईपर्यंत उरकायची. काकूंची पूजा पुरी सकाळ खायची, आणि तिची परीक्षा असायची. घरात एकही मूर्ती नाही, तसबीर नाही. भिंतीशी एक रिकामा पाट. पहिल्या दिवशी प्रत्येकीने आपल्या मनातलं देवघर काकूंना वर्णन करून सांगायचं: देव कोणता, केवढा, कशाचा, समई कुठल्या बाजूला, घंटा पितळेची की काशाची. ते एकदा सांगितलं की काकूंच्या डोक्यात पक्कं बसायचं. मग पूजा चालू असताना मध्येच आवाज यायचा, "नीता, तुझ्या समईत वाती किती?"

"पाच, काकू."

"गेल्या रविवारी तीन होत्या. दोन कुठून आणल्यास, शेजारणीच्या समईतल्या?"

एकदा सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका मुलीने भीत भीत सांगितलं की हल्ली ध्यानासाठी फोनवर ॲप मिळतं, हळू आवाजात कुणीतरी सांगतं, समोर तळं बघा, कमळ बघा. काकू म्हणाल्या, "फोन सांगणार आणि तू बघणार? मग देव तुला प्रसन्न होऊन रिचार्ज देईल." मुलगी पुन्हा आली नाही. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. माणसं गळाली की त्यांचा चेहरा उजळायचा, निवडून झालेल्या तांदळासारखा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "ज्याला आत दिसतं त्याला बाहेर जावं लागत नाही." हे त्या काशीला निघालेल्या बाईला ऐकवायच्या, पुरीला जाऊन आलेल्या बाईला ऐकवायच्या, आणि सगळ्यांत जास्त अण्णांना ऐकवायच्या.

पूजेची सुरुवात पाणी आणण्यापासून व्हायची. "उठा. तांब्याचा कलश घ्या. गंगेवर निघालो," म्हणायच्या, आणि आम्ही बसल्या जागी उठायचो. मग त्या घाट उभा करायच्या. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, झिजून मधोमध खोलगट झालेल्या. डाव्या हाताला पिंपळ, पाराला शेंदूर. पाणी एवढं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, कलश आडवा करायचा, बुडबुडे येऊ द्यायचे. आणि खोटं कशाला बोलू, बाईला ते येत होतं. कलकत्त्याच्या मे महिन्यात, अंगाचं पाणी पाणी होत असताना, माझ्या तळव्यांना गार दगड लागलेला मला आठवतो. त्या वेळी वाटायचं, ही बाई कितीही टोचून बोलो, हिच्या पाया पडावं. तेवढ्यात त्या कुणाचा तरी पाणउतारा करायच्या आणि तो विचार मागे पडायचा.

सगळ्यांत जास्त पाणउतारा विद्याचा. विद्या बराकपूरहून लोकलने यायची. नवरा लष्करात, तेव्हा सीमेवर कुठेतरी. बिचारीला डोळे मिटले की काहीच दिसायचं नाही. असतात अशी माणसं, हे मी नंतर वाचलं. काकूंनी काही वाचलेलं नव्हतं.

"काय दिसतंय, विद्या?"

"काळं दिसतंय, काकू."

"कसलं काळं? विठ्ठल काळा, शाळिग्राम काळा. काय काळं?"

"नुसतं काळं."

"मग तुझ्या आत तेवढंच असेल," काकू म्हणाल्या. "जा, तिकडे दाराशी बैस, चपलांच्या फळीजवळ. इथे पुढे बसून इतरांच्या देवावर सावली पाडू नकोस."

विद्या उठून फळीजवळ बसली आणि पुढे दर रविवारी तिथेच बसू लागली. एकदा न राहवून तिने खोटं सांगितलं की मला विष्णू दिसला. काकूंनी विचारलं, कमळ कुठल्या हातात? उजव्या, म्हणाली. उजव्या वरच्या की उजव्या खालच्या? विद्या रडायला लागली. "रडू नकोस," काकू शांतपणे म्हणाल्या, "रडताना डोळे उघडतात." सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. कचोरीच्या दुकानात मी तिला विचारलं, एवढं ऐकून तू येतेस कशाला? ती म्हणाली, "ताई, घरी रागवायलाही कुणी नसतं हो."

अण्णा या सगळ्यात कुठे असायचे? घाटावर. खऱ्या. घरापासून चालत दहा मिनिटांवर गंगा, आणि या शहरात आल्यापासून रोज सकाळी तिथे जाऊन बसायचं हा त्यांचा नेम. रविवारी आम्ही मनातल्या कलशात पाणी भरत असायचो तेव्हा ते चोरपावलांनी छत्री घ्यायचे, चपला घालायचे, आणि "जाऊन येतो गं," असं पुटपुटायचे. काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "जा. उंडारा." घाटावर मातीच्या भांड्यातला चहा, वर्तमानपत्र, आणि घोषदा. घोषदा म्हणजे गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी, जाडजूड, पानाने लाल झालेलं तोंड, दुर्गापूजेच्या दिवसांत राजा आणि एरवी रिकामे. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, म्हणून मैत्री टिकली असं अण्णा म्हणायचे.

काकू त्यांच्याबरोबर कधी गेल्या नव्हत्या. एकदाही नाही. गंगा त्यांनी पाहिली ती टॅक्सीतून हावडा पूल ओलांडताना, तीही पदराने नाक झाकून.

मग अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. आतल्या खोलीत खाट घातली, दिवसा एक आया ठेवली. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बसवत जा, जमेल तेव्हा खाली मोकळ्या हवेत न्या, मन लागेल. डॉक्टर गेल्यावर काकू म्हणाल्या, "त्याला शरीर दिसतं तेवढं तो सांगणार."

पूजा थांबली नाही. उलट वाढली. बाहेरच्या खोलीत देवाला श्रीखंड, पुरणपोळी, उकडीचे मोदक, आणि आतल्या खोलीत आया मुरमुरे पाण्यात भिजवून अण्णांच्या तोंडात चमच्याने घालायची. मी एकदा आत डोकावले तेव्हा अण्णांच्या हनुवटीवर ते ओघळले होते आणि शर्ट कालचाच होता. मी काकूंना म्हटलं, अण्णांना आज आंघोळ नाही झाली का? काकू म्हणाल्या, "झाली की. पहाटेच घातली. उटणं लावून, कढत पाण्याने. पाठ चोळून दिली."

"मनात?"

"मग कुठे?" त्यांनी असं विचारलं की मलाच आपण काहीतरी अश्लील बोललो असं वाटलं.

त्या ढोंगी नव्हत्या, हीच तर अडचण होती. ढोंगी असत्या तर मी हे लिहिलं नसतं, दोन शिव्या देऊन विसरले असते. त्या खरोखर रोज पहाटे नवऱ्याला न्हाऊ घालायच्या. त्यांना तो दिसायचा, धडधाकट, ओल्या केसांचा, पाटावर बसलेला. खाटेवर पडलेला ओला, कळकट वास येणारा माणूस हा त्या चित्राच्या आड येत होता, आणि त्याचा त्यांना राग होता.

चपलांची फळी अण्णांच्या दाराशी होती. म्हणजे विद्या अण्णांच्या दाराशी होती. दार किलकिलं असायचं, आणि आम्ही बाकीच्या देवाला गंध लावत असताना त्या फटीतून अण्णांचा आवाज यायचा. एकच शब्द. "घाट." थोड्या वेळाने, "एकदा." विद्या हळूच म्हणायची, "हो अण्णा." पुढच्या रविवारी तिला बघितल्याबरोबर ते विचारायचे, "आज?" दुसरं काही त्यांनी त्या काळात कुणाकडे मागितलं नाही. डॉक्टर नको, पुतण्या नको. घाटावर एकदा जाऊन बसायचं होतं.

विद्याने जाऊन घोषदांना गाठलं. हे धाडस तिच्यात असेल असं वाटलं नव्हतं. घोषदा लगेच आले, रविवारीच, पूजा नुकतीच आटोपली होती. दारात उभे राहून, घाम पुसत म्हणाले, "बौदी, हर साल हम लोग इतना बडा ठाकूर कंधे पे उठा के घाट ले जाता है. कुछ टूटता है? दादा को कुर्सी में बिठाके ले जाएगा. आधा घंटा. चाय पिलाके वापस."

बौदी म्हणजे वहिनी, आणि ठाकूर म्हणजे दुर्गेची मूर्ती. ती या गल्लीतून, तारांखालून, माणसांच्या डोक्यावरून दर वर्षी घाटावर नेणारी ही माणसं. अण्णांचं वजन त्यांना काय होणार होतं? आतून खाटेचा आवाज आला. अण्णा डाव्या हाताने काठाला धरून उठायला बघत होते. त्यांनी ऐकलं होतं.

काकूंनीही तो आवाज ऐकला. त्या घोषदांना म्हणाल्या, "मेरे घर से आदमी कंधे पर एक ही बार उतरेगा. तब बुलाऊंगी आपको."

घोषदा पानाने रंगलेलं तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग नमस्कार करून जिना उतरले. आतला आवाज थांबला होता. आमच्यापैकी एकीनेही तोंड उघडलं नाही, आणि काकूंनी वर म्हटलं, "खुर्चीत बसवून मिरवायला ते काय यांचे ठाकूर आहेत? लाळ गळतेय ती गल्लीभर दाखवायची?"

पण स्वतःचं ते बोलणं त्यांनाही लागलं असावं, कारण पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं नाही. अण्णांच्या खोलीत नेलं. खाटेभोवती सतरंजी घातली होती. अण्णांना उशीला टेकवून बसवलं होतं, शर्ट धुतलेला होता, केस विंचरले होते. काकूंचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे एवढा मऊ होता. "अहो," त्या म्हणाल्या, "घाटावर जायचंय ना? मी नेते. या सगळ्या पण येतील. डोळे मिटा."

अण्णांनी आधी विद्याकडे बघितलं, मग डोळे मिटले. आम्हीही मिटले.

"जिना उतरलो," काकू म्हणाल्या. "माझा हात धरा. जपून. गल्ली ओलांडली. कोपऱ्यावर फुलवाली बसलीय, झेंडू आहेत. आता वारा लागायला लागला. आलाच घाट. या काळ्या पायऱ्या, मधोमध झिजलेल्या. डावीकडे पिंपळ. पाणी बघा कसं नितळ—"

"रूळ," अण्णा म्हणाले.

"काय?"

"रूळ... कुठे गेले?"

मी डोळे उघडले. सगळ्यांनीच उघडले. अण्णांनी मात्र मिटलेलेच ठेवले होते, आणि त्यांच्या चांगल्या बाजूचा ओठ हसत होता. "घाटाच्या आधी... रूळ. आगगाडीचे. फाटक. फाटक बंद... थांबायचं. गाडी जाते. मग घाट." श्वास घेऊन ते म्हणाले, "हा... वाईचा घाट आहे, सुमती. कृष्णेचा. तुझ्या माहेरचा."

एवढ्या वर्षांत आम्ही गंगा म्हणून कृष्णेचं पाणी भरत होतो. समईतल्या वाती मोजणाऱ्या बाईने दहा मिनिटांवरचा घाट कधी पाहिलाच नव्हता, आणि त्याचे रूळ गाळून तिने नवऱ्याला माहेरी नेलं होतं.

पुढे अण्णांनीच नेलं. एकेक शब्द काढायला त्यांना मिनिट लागायचं, पण आम्ही थांबलो. फाटक उघडलं. लोखंडाला गंजाचा वास. चहावाला, त्याची शेगडी. तेल चोळून घेणारे मारवाडी. न्हावी. पाणी गढूळ, मातकट, त्यात झेंडूच्या माळा, आणि एक मोडलेला ठाकूर, माती विरघळलेली, नुसता पेंढा आणि बांबू, पाण्यावर उताणा. "त्याच्यावर... कावळा," अण्णा म्हणाले. "बसलाय. चाललाय... हावड्याकडे."

तेव्हा दाराशी बसलेली विद्या म्हणाली, "दिसलं." तिचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "काकू, मला दिसलं. कावळा दिसला."

काकू उठल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लाज नव्हती त्यात, नुसता राग होता. "मनातल्या घाटावर रूळ नसतात," त्या म्हणाल्या. "झालं असेल तर प्रसाद घ्या." आणि त्या एका ओळीने शिरा वाढत गेल्या. अण्णांच्या ओंजळीशी त्या थांबल्या नाहीत. विद्याला म्हणाल्या, "तू पुढच्या रविवारपासून येऊ नकोस. तुला बाहेरचं दिसायला लागलंय."

त्यानंतर आतल्या खोलीचं दार बंद राहू लागलं. कडीही लावलेली असायची. आम्ही देवाला श्रीखंड दाखवत असताना अण्णा आतून डाव्या हाताने खाटेच्या पट्टीवर ठोकायचे, थांबायचे, पुन्हा ठोकायचे. काकू म्हणायच्या, "लक्ष देऊ नका. मन एकाग्र करा." आम्ही करायचो, असं मी आज लिहिते आहे, आणि लिहिताना मला आम्हा सगळ्यांची शिसारी येते. पण ही गोष्ट आमची नाही.

काकूंची मला कधीच कीव आली नाही असं नाही. एकदा आली. एकदा मी लवकर पोचले होते, त्या एकट्या होत्या, आणि न विचारता बोलायला लागल्या. लग्न होऊन वाईहून इथे आल्या तेव्हा बोलायला माणूस नव्हतं. अण्णा दिवसभर ऑफिसात, सुट्टीच्या दिवशी घाटावर. शेजारणी बर्गी आली, बर्गी आली म्हणून हसायच्या. मराठ्यांना इथले लोक अजून बर्गी म्हणतात. "मग मी दुपारी डोळे मिटून आमच्या घाटावर जाऊन यायचे," काकू म्हणाल्या. "पाणी भरायचे, आईशी बोलायचे, परत यायचे. म्हणून जगले." मला भरून आलं. मग त्या म्हणाल्या, "यांनी एकदा तरी विचारलं का, चल घाटावर, म्हणून? एकदाही नाही. आता कळू दे." तेव्हा मला कळलं की कडी देवामुळे लागलेली नव्हती.

अण्णा थंडीत गेले. सकाळी आया आली तेव्हा गेलेले होते. पुतण्या पुण्याहून विमानाने दुपारपर्यंत पोचला. काकूंनी शब्द पाळला: घोषदांना बोलावणं पाठवलं. घोषदा क्लबची माणसं घेऊन आले, आणि त्या चिंचोळ्या जिन्यावरून अण्णांना खांद्यांवरून उतरवताना वळणावर त्यांच्या तोंडून आपोआप तेच निघत होतं जे ते ठाकूर नेताना म्हणतात: "आस्ते, आस्ते! डाइने! माथा बाँचिये!" अण्णांचं डोकं कुठे आपटलं नाही. आधा घंटा, चाय पिलाके वापस, हे मला आठवत राहिलं.

स्मशान नदीकाठीच, रुळांच्या पलीकडे. शववाहिनी आलेली असूनही घोषदा म्हणाले, "दादा पैदल जाएगा. घाट होके." कुणी विरोध केला नाही. काकूही निघाल्या. बायका जात नाहीत, पुतण्या म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका बाजूला मी होते. दुसऱ्या बाजूला विद्या कुठूनशी आली आणि तिने काकूंचा दंड धरला. काकूंनी तो सोडवून घेतला नाही.

गल्ली ओलांडली. कोपऱ्यावर फुलवाली होती, झेंडू होते. मग वारा लागला. आणि फाटक बंद होतं.

अण्णांना खांद्यावर घेऊन सगळे थांबले. लोकलचा भोंगा झाला. रूळ समोर होते, दोन्हीकडे लांब गेलेले, त्यांच्यामध्ये चहाची फुटकी भांडी आणि शेळ्या. काकूंनी सवयीने डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडा, काकू," विद्या म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मिटू नका. किती रूळ आहेत? सांगा ना. फाटक कशाचं आहे? लाकडाचं की लोखंडाचं? नीट बघा."

पुतण्या दचकला. मला मात्र ते आवडलं. काकूंनी डोळे उघडले आणि बघितलं. आगगाडी आली, डबे धडधडत गेले, दारात लोंबकळणाऱ्या माणसांनी अण्णांना बघून हात जोडले. फाटक उघडलं. पलीकडे घाट होता. पायऱ्या सिमेंटच्या, अरुंद. चहावाला होता, न्हावी होता, पाणी गढूळ होतं. घोषदांनी अण्णांना पायऱ्यांवर क्षणभर टेकवलं आणि नदीकडे तोंड होईल असं फिरवलं. काकू रुळांच्या अलीकडेच उभ्या राहिल्या. विद्याने ओढलं, तरी त्या ओलांडून आल्या नाहीत.

नंतर रविवार बंद झाले. बायका एकेक करून यायच्या थांबल्या, कुणी काही ठरवलं नव्हतं. विद्याच्या नवऱ्याची बदली झाली. वर्ष उलटलं आणि माझीही नाशिकची ऑर्डर आली, म्हणून निरोप घ्यायला गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. काकू भिंतीशी बसल्या होत्या, समोर पाट, डोळे मिटलेले. पार सुकल्या होत्या. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि खाटेवर धुतलेला शर्ट घडी करून ठेवला होता.

"कोण, नीता? बस," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस. आम्ही निघालोय."

मी बसले. त्यांनी उजवा हात कोपरात वाकवून बाजूला धरला होता, कुणीतरी त्याला धरून चालावं तसा. ओठ हलत होते. जपून. ही शेवटची पायरी. झेंडू घ्यायचेत का? मग त्या थबकल्या आणि तो हात झटकन आडवा झाला.

"थांबा. गाडी येतेय."

मी वाट पाहिली. बरीच पाहिली. मध्येच बाहेरून खऱ्या लोकलचा भोंगा ऐकू आला, धडधड आली आणि विरून गेली.

"काकू, गेली गाडी," मी म्हटलं.

"नाही गं. चाललीय अजून. डबे संपतच नाहीत."

"रोज असंच होतं?"

"रोज. मी रोज नेते त्यांना. फाटकापाशी येतो आणि थांबतो." त्यांच्या कपाळावर घाम होता. "पलीकडचं मी पाहिलं नाही ना नीट. घाट येतच नाही."

चला, मी दाखवते, दहा मिनिटांवर तर आहे, असं म्हणता आलं असतं. मी उठले. दाराशी चपला घालताना मागे वळून पाहिलं. काकूंचा हात तसाच आडवा होता, आणि शेजारच्या रिकाम्या जागेला त्या दटावत होत्या, "अहो, घाई करू नका."